आईसाठी पत्रक नव्हतं

परदेशी जाणाऱ्या बायकांना काय काळजी घ्यावी हे सांगणं हे माझं काम आहे. पगार जेमतेम, तोंड मात्र दिवसभर चालवावं लागतं. चेन्नईत नुंगंबाक्कमला एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या संघटनेची एक खोली आहे, तिथून आम्ही पत्रकं काढतो. तमिळमध्ये, तेलुगूत, हिंदीत. आखाती देशांत घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठी एक, आणि गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांतून बाहेर वेल्डर-फिटर म्हणून जाणाऱ्या पुरुषांसाठी एक. पासपोर्ट ऑफिसबाहेरच्या फुटपाथवर उभी राहून मी ती वाटते. काही जण वाचतात, काही घडी करून खिशात घालतात, काही फुटपाथवर अंथरून त्यावर बसतात.

बायकांच्या पत्रकातला मजकूर माझा आहे. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नका, मालक कितीही गोड बोलो. कामाचे तास आधी ठरवून घ्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि त्या दिवशी एकटीने घराबाहेर पडायची मोकळीक. स्वतःचा फोन, स्वतःचं सिमकार्ड. परतीची तारीख तुम्ही ठरवायची, त्यांनी नाही. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: 'तू आमच्या घरातलीच आहेस' असं कुणी म्हणालं की सावध व्हा. या वाक्यावरून आमच्या खोलीत भांडण झालं होतं. एक जण म्हणाला, हे फार कडू आहे, काही मालक चांगले असतात. मी म्हटलं, चांगला असेल तर पगार देईल, घरातली कशाला म्हणेल? घरातली म्हटलं की तास, सुट्टी, पगार सगळं एका शब्दात पुसता येतं. वाक्य राहिलं.

हे पत्रक मराठीत काढावं असं मला कधी सुचलं नाही. चेन्नईतली मराठी माणसं म्हणजे कोण? रेल्वेत, बँकेत, संरक्षण खात्याच्या कारखान्यात बदलीवर आलेली आणि इथेच राहिलेली. आणि अलीकडे शोळिंगनल्लूरच्या काचेच्या इमारतींत बसणारी पोरं. यांच्या घरातली कुठली बाई परदेशी मोलकरीण म्हणून जाते? एकही नाही. ती आई म्हणून जाते, सासू म्हणून जाते. आपण पेढे वाटतो आणि तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू भरतो.

माझी आई अशीच गेली.

बाबा रेल्वेत होते. त्यांच्या बदलीबरोबर आई इथे आली तेव्हा तिला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. मांबळममधल्या आमच्या शेजारच्या मुलीचा भरतनाट्यमचा पोशाख एकदा बिघडला. नाचताना गुडघे वाकवले की पुढे पंख्यासारखा उघडतो ना, तो चुण्यांचा भाग; त्याला इथे विसिरी म्हणतात. ती विसिरी उसवली होती, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम आणि शिंपी गावाला गेलेला. आईने ती हातात घेतली आणि नऊवारीच्या निऱ्या घालतात तशी बोटांवर घालून दिली. माझ्या आजोळी सगळ्या बायका नऊवारी नेसणाऱ्या, त्यामुळे निरी तिच्या बोटांतच होती. त्या दिवसापासून तिचा धंदा सुरू झाला. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. बाबा गेल्यावर तर तोच तिचा दिवस झाला.

आमच्या पुढच्या खोलीत मध्यभागी कापायचं टेबल, दोन बाजूंना दोन मशीन. एकावर आई, दुसऱ्यावर अक्का. अक्का मागच्या गल्लीत राहणारी तमिळ बाई, बारा वर्षं आईच्या हाताखाली. शिवण दोघींची, पण दोन कामं आई कुणालाही करू द्यायची नाही. एक, पोशाखासाठी साडी कापणं. मुलीची आई कांजीवरमची कोरी साडी आणून टेबलावर ठेवते आणि तिच्यादेखत आपण त्या साडीवर कात्री चालवायची, याला छाती लागते. दुसरं, विसिरी घालणं. आई टेप वापरायची नाही. लहान मुलीला दीड बोट, मोठीला दोन. चुण्या घालून, दोऱ्याने बांधून, फळीखाली दाबून तीन दिवस ठेवायची. त्या तीन दिवसांत फळीला धक्का लावला तर मी लहानपणी मार खाल्लेला आहे.

डिसेंबरात इथे नाच-गाण्याचा हंगाम असतो. त्याचे पोशाख नवरात्रापासून शिवायला येतात. ते दोन-अडीच महिने आईला आम्ही दिसायचो नाही. बाकी वर्ष ती जगायची ते त्या महिन्यांसाठी, हे मला आता कळतं. दादाला अजून कळलेलं नाही.

दादा अमेरिकेत, न्यू जर्सीला. वहिनीला जूनमध्ये बाळ होणार होतं. वहिनीच्या आईचे गुडघे गेलेले, म्हणजे येणार कोण हा प्रश्नच नव्हता. फेब्रुवारीत सकाळी सात वाजता त्याचा व्हिडिओ कॉल आला. आई पोळ्या लाटत होती, फोन तिने पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला.

"आई, तिकीट मेचं काढतोय."

"आणि येण्याचं?"

"अगं आधी ये तरी."

"येण्याचं सांग. मला नवरात्राच्या आत इथे हवं."

"ऑगस्टचं काढतो. बास? घरातल्या घरात काय तारखा मागतेस!"

मी चहा पीत होते. कप खाली ठेवला नाही, काही बोललेही नाही.

मग व्हिसाची शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी पंधरा मिनिटं. दादा साहेब व्हायचा, आई उत्तरं द्यायची.

"कशाला जाताय, विचारलं तर?"

"नातवंड होणार आहे."

"नाही! बाळ हा शब्दच काढायचा नाही. नायगारा. मुलाला भेटायला आणि नायगारा बघायला."

"मला धबधबा बघून काय करायचंय? आमच्या नळाला पाणी येत नाही तेव्हा बघते की."

"आई, प्लीज. आणि काय काम करता विचारलं तर गृहिणी म्हण. शिवण वगैरे सांगत बसू नको, गुंता होतो."

इथे माझ्याने राहवलं नाही. "दादा, हे तू सांगतोस ना, शब्दन्‌शब्द एजंट सांगतात. फुटपाथवर. माझ्यासमोर. कामाला चाललीस म्हणू नको, फिरायला चाललीस म्हण."

"आल्या, आमच्या नेत्या आल्या," दादा हसला. "आता माझ्या घरावर मोर्चा काढ. काय घोषणा देणार? आजी वाचवा?"

वहिनी मागे हसली. आईसुद्धा हसली. मग मीही हसले. माझं चुकलं ते इथून. पासपोर्ट ऑफिसबाहेर अनोळखी बाईचा हात धरून मी तिला थांबवते. घरात विनोद झाला की गप्प बसते.

मुलाखतीच्या दिवशी मी वकिलातीसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी होते. आत फोन, पर्स काही नेता येत नाही, म्हणून आईचं सगळं माझ्या हातात. तिच्या हातात फक्त फाइल. तासाभराने आई बाहेर आली ती रिकाम्या हाताने आणि घाबरलेली.

"त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला गं. तू म्हणतेस देऊ नये, पण काचेच्या आतून ओढूनच घेतला."

"अगं, ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला!"

तेव्हा तिचा चेहरा खुलला. रिक्षात बसल्यावर सगळं सांगितलं. खिडकीमागे एक तरणा गोरा साहेब होता, शिकलेलं तमिळ बोलणारा. "माझ्या पहिल्या वर्षाच्या तमिळपेक्षा वाईट बोलत होता. म्हटलं याला काय घाबरायचं?" त्याने विचारलं, कशाला जाता? आईने सांगून टाकलं, नातवंड होणार आहे. त्याने विचारलं, परत याल कशावरून? आई म्हणाली, यायलाच लागेल, नवरात्रापासून माझ्या विसिऱ्या असतात. त्याला विसिरी कळेना. मग माझ्या आईने अमेरिकन वकिलातीच्या खिडकीसमोर उभं राहून, मागे पन्नास माणसं असताना, स्वतःच्या पदराच्या सात चुण्या बोटांवर घातल्या आणि पंख्यासारख्या उघडून दाखवल्या. साहेब हसला आणि म्हणाला, जाऊन या.

म्हणजे तिला व्हिसा मिळाला तो या कामामुळे. परत यायला कारण असलेली बाई म्हणून. दादाला सांगितलं तर म्हणाला, "बघ, माझी प्रॅक्टिस कामाला आली."

जायच्या आधी आठवडाभर ओळखीच्या मराठी बायका येत होत्या. प्रत्येकीचा कुणीतरी तिकडे, म्हणून प्रत्येकीकडे सल्ला. बाळंतशोप इकडूनच ने. सुनेच्या स्वयंपाकघरात डबे हलवू नको. थंडी वाजली तरी हीटरला हात लावू नको, त्यांचं बिल येतं. दुपारी जांभई द्यायची नाही, त्यांना वाटतं आपण कंटाळलो. एकजण म्हणाली, "सहा महिने राहता येतं, पूर्ण राहून ये, तिकीट वसूल." दोन बाळंतपणं करून आलेली एक बाई या सगळ्यात गप्प होती. निघताना दारात चपला घालता घालता आईला एवढंच म्हणाली, "संध्याकाळी एकदा चालायला जायचं ठरवा. पहिल्या दिवसापासून. नंतर नाही ठरवता येत."

एवढ्या सल्ल्यात तो एक सल्ला खरा होता. मी तेव्हा आईच्या बॅगेत भरायच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होते.

आई गेली. निघताना अक्काने टेबलावर कापड झाकलं आणि म्हणाली, "पोयिट्टु वांगा अम्मा." जाऊन या. आपल्याकडे जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, तसंच.

बाळ झालं, मुलगा. फोटो आले. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवले, खोटं कशाला बोलू, रडलेही. रोज सकाळी कॉल. पहिल्या आठवड्यात आई म्हणाली, पासपोर्ट दादाने त्याच्या लॉकरात ठेवलाय, माझ्याकडून हरवायला नको. दुसऱ्या आठवड्यात कळलं, तिचा इथला फोन तिथे घरातल्या वायफायवरच चालतो. सिम घेऊ म्हणतोय, वेळ होत नाही त्याला. चालायला जातेस का विचारलं तर म्हणाली, फुटपाथच नाही गं, घराबाहेर पाऊल ठेवलं की गाड्याच. शनिवार-रविवार? "शनिवारी ते दोघं जरा बाहेर जातात. त्यांनाही मोकळीक नको का?"

मी मनातल्या मनात पत्रकाच्या ओळींवर खुणा करत होते. एक, दोन, तीन, चार. दादा वाईट माणूस नाही. त्याने आईला मऊ लाल कोट घेतला. नायगाराही दाखवला, धबधब्यासमोर त्या कोटात, बाळाला छातीशी बांधून उभ्या असलेल्या आईचा फोटो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर आहे. मी ज्या मालकांबद्दल लिहिते, त्यांतलेही बहुतेक वाईट नसतात. त्यांना फक्त सवय होते.

एकदा कॅमेऱ्यात मागे बाळाची दुपटी दिसली. पलंगाच्या कडेला एकावर एक, प्रत्येक दुपट्याला बारीक चुण्या घालून दोऱ्याने बांधलेली. मी हसून विचारलं, हे काय? आई ओशाळली. "हाताला चाळा. सुई आणू नका म्हणाली तुझी वहिनी, बाळाला लागेल." मी त्याचा स्क्रीनशॉट काढला. अक्काला दाखवला तर ती हसली नाही.

जुलैच्या शेवटी आईच्या जुन्या गिऱ्हाईक टीचर घरी आल्या. नाचाचा वर्ग चालवतात. त्यांच्या वर्गाचे सगळे पोशाख वर्षानुवर्षं आईकडे. "अम्मा कधी येणार? यंदा माझ्या अकरा मुली आहेत." मी छाती पुढे काढून सांगितलं, ऑगस्टअखेर. नक्की. तारीख तिने स्वतः ठरवली आहे.

ऑगस्टच्या मध्याला दादाचा कॉल आला. आई मागे बाळाला थोपटत होती, तिची पाठ दिसत होती.

"ऐक ना, आईचं तिकीट पुढे ढकललंय. डे-केअरमध्ये जागा नोव्हेंबरला होतेय. आणि नोव्हेंबरपर्यंत राहायची परवानगी आहेच, मग फुकट कशाला घालवायची?"

"आईला विचारलंस?"

"अगं विचारायचं काय? तिला नातू सोडवत नाहीये."

"आई!" मी ओरडले. "हंगाम?"

ती वळली नाही. तशीच थोपटत म्हणाली, "असू दे गं. एक वर्ष. अक्का आहे ना."

"दादा, ती तिथे पाहुणी आहे की..."

"की काय?" त्याचा आवाज बदलला. "बोल की. की काय? माझी आई आहे ती. तुझ्या पत्रकातली बाई नाही. आपल्याच घरात राहतेय."

आपल्याच घरात! मी ठळक अक्षरांत छापलेलं वाक्य माझ्या कानात ऐकू आलं आणि मी फोन ठेवला. नंतर दिवसभर मी पासपोर्ट ऑफिसबाहेर चार पत्रकंही नीट वाटू शकले नाही.

मग आईनेच उपाय काढला. संध्याकाळी सात, म्हणजे तिथे सकाळ. दादा ऑफिसात, पुढे वहिनीही ऑफिसात. आई बाळाला खांद्यावर घेऊन फोनपुढे बसायची आणि इथे अक्का टेबलाशी. पहिल्या साडीला कात्री लावायची वेळ आली तेव्हा अक्काने कात्री दोनदा उचलून परत खाली ठेवली. आई तमिळमध्ये सांगत होती, "काठापासून मोज. घाई नको. आता श्वास सोड आणि काप." अक्काने कापलं. मग विसिरी. "दोन बोटं अक्का. तुझी नाही, माझी दोन. तुझी बोटं जाड आहेत, अर्धं नख कमी धर." पहिली विसिरी एका बाजूला कलली. दुसरी जमली. तिसरीला आई म्हणाली, "ही मी घातली असती तर अशीच झाली असती." बाळ रडायला लागलं आणि कॉल संपला.

तिला माहीत नव्हतं असं समजू नका. बारा वर्षं जे तिने शेजारी बसलेल्या बाईला शिकवलं नाही, ते आठ हजार मैलांवरून, उष्ट्या दुधाचा वास खांद्यावर घेऊन, तिने पंधरा दिवसांत शिकवून टाकलं. शहाणी बाई आहे ती. ती काय देतेय हे तिला पक्कं कळत होतं.

आता माझी गोष्ट, कारण ती टाळून हे लिहिण्यात अर्थ नाही. सप्टेंबरात आमच्या ऑफिसच्या घरमालकाने जिना रिकामा करायला लावला. आमचे पत्रकांचे गठ्ठे जिन्यात असायचे. मी म्हटलं, माझ्या घरी पुढची खोली मोठी आहे, आई नाहीये, ठेवा तिथे. एका वाक्यात दिली मी ती खोली. टेम्पो भरून गठ्ठे आले. भिंतीला लावले, मग मशीनखाली, मग कापायच्या टेबलावर. अक्का संध्याकाळी आली, बघितलं, टेबलाचा एक कोपरा मोकळा करून काम केलं.

आठवड्याने एका मुलीची आई साडी देऊन गेली, लोण्याच्या रंगाची. अक्का नव्हती. काठ किती रुंद आहे ते बघायला मी ती उलगडली आणि टेबलावर पसरून ठेवली. टेबलावर म्हणजे गठ्ठ्यांवर. नवी छपाई, स्वस्त शाई, चेन्नईची दमट हवा. दुसऱ्या दिवशी साडीवर वीतभर निळा डाग.

अक्का बराच वेळ साडी उजेडात धरून उभी होती. मग तो भाग तिने कमरेच्या आतल्या पट्टीत घेतला, कुणाला कधी दिसणार नाही असा. पोशाख वेळेत गेला. पण त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "पापा," ती मला पहिल्यापासून पापा म्हणते, इथे लहान मुलीला म्हणतात तसं, "रेशमाचं काम आता इथे नको. मी माझ्या घरी करते. अम्माला मी सांगितलंय. एक मशीन नेते."

"अम्मा काय म्हणाली?"

"सरि म्हणाली." बरं म्हणाली.

दोन माणसं लावून तिने मशीन नेलं. फळ्याही नेल्या. तिला अडवायला माझ्याकडे तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मशीनच्या जागेत आणखी सहा गठ्ठे मावले.

आई नोव्हेंबरच्या मध्याला आली. परवानगीचे दोनच दिवस शिल्लक असताना. विमानतळावर लाल कोट हातावर घेऊन बाहेर आली, इतकी बारीक झालेली की मी क्षणभर ओळखलं नाही. घरात शिरल्यावर पुढच्या खोलीत उभी राहिली. गठ्ठे छातीपर्यंत. वरच्या गठ्ठ्यावरचं पत्रक तिने उचललं. तिला तमिळ वाचता येतं, पाट्या वाचत वाचतच शिकली. डोळे बारीक करून तिने सगळं वाचलं, शेवटच्या ठळक ओळीपर्यंत.

"चांगलं लिहिलंयस," म्हणाली. आणि ते परत जागेवर ठेवून आत चहा टाकायला गेली. मला तिने थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मी गठ्ठे हलवते म्हटलं. "राहू दे. आता कुणाला अडचण आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेचं तंत्र बिघडलेलं असतानाही ती साडी नेसली, आपली कात्री पिशवीत घातली आणि मागच्या गल्लीत गेली. मी बरोबर गेले. अक्काच्या घराच्या पुढच्या पडवीत तीन मशीन होती, एक आमचं. एक नवीन बाई काजं करत होती. आईला बघून अक्का ताडकन उठली, खुर्ची पुढे केली. आई खुर्चीवर बसली नाही. बाजूचं स्टूल ओढलं, ढिगातली एक साडी मांडीवर घेतली आणि चुण्या घालायला लागली. बोटं चालायला लागली तशी ती थोडी आईसारखी दिसायला लागली.

तेवढ्यात टीचर आल्या. "अम्मा! आलात? नातू कसा आहे?" फोटो बघितले, गाल कुरवाळल्यासारखं केलं. मग अक्काकडे वळून विचारलं, "माझे उरलेले चार कधी देतेस?" अक्काने आईकडे बघितलं. आई चुण्यांकडे बघत होती. "शुक्रवारी," अक्का म्हणाली.

दुपारी निघताना आईने अक्काला तमिळमध्ये विचारलं, उद्या किती वाजता येऊ? अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "अम्मा, असं काय विचारता?" आई म्हणाली, "वेळ सांग. वेळ ठरलेली बरी." अक्का शेवटी म्हणाली, दहा.

तेव्हापासून ती दहाला जाते, साडेपाचला येते. रविवारी सुट्टी. आठवड्याचे पैसे अक्का पाकिटात घालून देते, दोन्ही हातांनी. गिऱ्हाइकाशी आई बोलत नाही. कापायचं काम अक्काचं, विसिरी दोघींची.

मला आता लोक विचारतात, मराठीत पत्रक का काढत नाहीस? काढणार आहे. मजकूर बदलावा लागणार नाही, मालक हा शब्द काढून मुलगा घातला की झालं. पासपोर्ट आपल्या पर्समध्ये ठेवा. बाळाचं सगळं करा, पण संध्याकाळचं चालणं पहिल्या दिवशी मागून घ्या. परतीची तारीख सांगताना 'बघू' म्हणू नका. आणि मागे घरी एक लेक असेल, चळवळीतली असली तर विशेषच, तिच्या भरवशावर खोली सोडून जाऊ नका. एवढी एक ओळ नवी.

गेल्या आठवड्यात सकाळी दादाचा कॉल होता. फोन पुन्हा पिठाच्या डब्याला टेकवलेला. बाळ रांगायला लागलंय. आई डोळे भरून बघत होती. मग दादा म्हणाला, "आई, डे-केअरमध्ये तो सारखा आजारी पडतो गं. मेमध्ये येशील ना परत? व्हिसा दहा वर्षांचा आहे, काही करावं लागणार नाही. तिकीट बघू?"

मी कप खाली ठेवला. या वेळी बोलणार होते.

आईने लाटणं थांबवलं नाही. "मला रजा मिळते का ते विचारायला लागेल."

"रजा? कसली रजा?"

"मी कामाला जाते ना आता. अक्काकडे."

"अक्काकडे? म्हणजे नोकरी?"

"हो."

एवढी वर्षं आमच्या पुढच्या खोलीत दोन मशीन चालत होती तेव्हा दादाने कधी जो प्रश्न विचारला नव्हता, तो त्याने आता विचारला, आणि अगदी मनापासून, ऑफिसातल्या माणसाच्या आवाजात.

"बरं. मग किती आधी सांगावं लागतं त्यांना?"